डॉक्टरांच्या भुवया आणि ओलीटाबाई

आमच्या दवाखान्यात शिरलं की आधी ओलीटाबाईंचा आवाज भेटतो, मग ओलीटाबाई भेटतात, आणि दातांचे डॉक्टर भेटतात ते सगळ्यात शेवटी. पूर्ण नाव ओलीटा ब्रॅशर्स. काउंटरवर बसण्याआधी त्यांनी अर्धं आयुष्य शाळेची बस चालवली. मान न वळवता मागच्या बाकावरच्या कार्ट्याला नाव घेऊन दम देण्याची विद्या त्यांनी तिथे कमावली आणि निवृत्त होताना ती शाळेत जमा करायला विसरल्या. त्यांचे यजमान लेरॉय यांना कमी ऐकू येतं. टर्की कोंबड्यांच्या शेडमधल्या पंख्यांनी कान गेले, असं लेरॉय सांगतात. एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही ते बायकोला पाठीशी घालतात, ही मोठी गोष्ट आहे.

आमचे डॉक्टर ग्रेडी व्हॅनझँट लहानपणी त्याच बसमधून शाळेत जायचे. त्यामुळे आर्कन्सॉमधलं आमचं सगळं स्प्रिंगडेल गाव त्यांना डॉक्टर म्हणतं आणि ओलीटाबाई 'अरे ग्रेडी' म्हणतात. डॉक्टर माणूस सज्जन, हात हलका, पण बोलणं जवळजवळ नाहीच. देवाने त्यांना जिभेऐवजी भुवया दिल्या. दोन जाड, पिंगट सुरवंट दिवसभर त्यांच्या कपाळावर चढ-उतार करत असतात. एखादी गोष्ट कळली नाही की वर. नवल वाटलं की वर. कॉफी गार निघाली की वर. तोंडाला मास्क लावल्यावर तर त्यांचं तेवढंच दिसतं, आणि आम्ही त्या भुवयांवरून हवामान ओळखून दिवस काढतो. मी तिथे लोकांचे दात साफ करते. माझी पन्नाशी उलटली, तरी ओलीटाबाईंसाठी मी 'पोरी'च आहे.

आता नियमांचं सांगते. आमच्याकडे सरकारी विम्याचे पेशंट येतात, आणि सरकारचा पैसा घेतला की सरकारचं ऐकावं लागतं. रंग, वंश, देश, भाषा बघून कुणाशी दुजाभाव करायचा नाही. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला शिकलेला दुभाष्या द्यायचा, तोही फुकट, आणि तशी पाटी दर्शनी लावायची. हे सगळं बघायला एक माणूस नेमायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी ओलीटाबाईंकडे बघून भुवया वर केल्या. भाषेचं काम म्हणजे सगळ्यात जास्त बोलणाऱ्याचं काम, असा त्यांचा विचार असावा. ओलीटाबाईंना भाषा एकच येते. समोरच्याला ती कळली नाही, तर त्या तीच भाषा आणखी मोठ्याने बोलतात.

सुरुवातीला त्या नियमांवर चिडल्याच होत्या. 'मी कुणाला वेगळं वागवतच नाही. मी सगळ्यांवर सारखीच ओरडते,' असं त्या म्हणाल्या. हे अगदी खरं होतं. डॉक्टरांनी त्यांना राज्याच्या राजधानीला, लिटल रॉकला, एका दिवसाच्या वर्गाला पाठवलं. जाताना कुरकुरत गेलेल्या बाई येताना नुकताच बाप्तिस्मा घेतल्यासारख्या परतल्या. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचा ट्राउट माशाचा फोटो उतरवला आणि पंधरा भाषांची पाटी लावली. त्या पाटीत गुजरातीसुद्धा होती. गावात गुजराती बोलणारं आमच्या ओळखीचं घर एकच, हमरस्त्यावरच्या भक्त आडनावाच्या मोटेलवाल्यांचं, आणि भक्त आमच्या डॉक्टरांच्या दसपट इंग्रजी बोलतात. तरीही दाढ भरायला आलेले भक्त त्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि इंग्रजीत म्हणाले की मिस ओलीटा, झकास आहे. बाई दिवसभर फुलून होत्या.

नातेवाइकाला दुभाष्या करायचं नाही, हा नियम त्यांना आधी अतिरेकी वाटायचा. मग एक मेक्सिकन जोडपं आलं. त्यातल्या बायकोच्या हिरड्या खराब होत्या. डॉक्टरांनी, त्यांच्या मानाने भाषण म्हणावं एवढं, चांगलं पाच-सहा वाक्यांत समजावलं. नवऱ्याने ते ऐकून बायकोला दोन शब्द सांगितले. ओलीटाबाईंनी दारातूनच विचारलं की बाबा, काय सांगितलंस? तो म्हणाला, 'म्हटलं, ऐक त्यांचं.' त्या दिवसापासून नवरे बाहेर बसतात आणि ट्रेवर फोन ठेवला जातो. फोनमधून पगारी दुभाष्या बोलतो आणि पेशंटला सगळं कळतं. ही सोय आम्हाला फार आवडली. स्पॅनिशवाले खूश, व्हिएतनामी आजोबा खूश, लाओसच्या मावशी तर दुभाष्याशी इतक्या गप्पा मारायच्या की मध्ये दात दाखवायला विसरायच्या.

फक्त मार्शलीज लोक टिकत नव्हते. आमच्या गावात ते पुष्कळ आहेत. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवरून आले, कोंबड्यांच्या कारखान्यात लागले, चर्च बांधली, नातवंडं इथल्या शाळांत गेली. आमच्याकडे यायचे ते अतिशय नम्रपणे. बसायचे, तोंड उघडायचे, आभार मानायचे, आणि पुन्हा कधी यायचे नाहीत. त्यांच्यासाठीही फोनवर दुभाष्या असायचा. पण तो सारखा म्हणायचा, 'पेशंट काही बोलत नाहीत हो.' डॉक्टर विचारायचे की दुखतंय का, फोन मार्शलीजमध्ये विचारायचा की दुखतंय का, आणि खुर्चीतला माणूस शांत. मग डॉक्टर पुढचं काम करायचे.

ओलीटाबाईंना हे फार लागलं. नियम पाळला, पाटी लावली, फोन ठेवला, कॉफीसुद्धा ठेवली, मग माणसं का पळतात?

त्यात हर्टिना लोकेबोल यांची गोष्ट झाली. हर्टिना चाळिशीच्या पुढच्या, कारखान्यात कोंबडीची हाडं वेगळी करण्याच्या पट्ट्यावर उभ्या असतात. पण त्यांच्या चर्चमध्ये त्यांची ओळख गळ्याची आहे. ख्रिसमसला मार्शलीज चर्चचे चमू दिवसभर गातात, नाचतात, आणि हर्टिनांच्या चमूतल्या बायका हर्टिनांच्या आवाजाला धरून चालतात. त्यांनी सूर उचलला नाही तर गाणंच उभं राहत नाही. ऑक्टोबरअखेरीस त्या आमच्याकडे आल्या तेव्हा वरचा समोरचा दात काळा पडला होता, ओठ सुजला होता, आणि अंगात साखर होती. डॉक्टरांनी फोटो काढला आणि फोनवरून नीट समजावलं की मुळात पू आहे, गोळ्या घ्या, पुढच्या आठवड्यात रूट कॅनल करू, दात वाचेल. साखर असताना हे अंगावर काढायचं नाही, हेही बजावलं. फोनने सगळं सांगितलं. हर्टिनांनी आभार मानले. फोन ठेवला.

आणि मग दारात पोचल्यावर त्या वळल्या. खरा प्रश्न माणूस दारातूनच विचारतो, हे मी माझ्या नोकरीत पाहिलंय. त्यांनी मार्शलीजमध्ये काहीतरी हळूच विचारलं आणि वरच्या दातांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मास्कच्या वर डॉक्टरांच्या भुवया कपाळाला जाऊन टेकल्या. हर्टिनांनी मान लववली आणि त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ओलीटाबाई रोज फोन करायच्या आणि रोज निरोपाच्या यंत्राशी बोलायच्या. डॉक्टर तर काळजीने बोलायला लागले. गोळ्या आता संपल्या असतील, सूज परत येईल, साखरेच्या पेशंटला अशी सूज डोळ्याकडे चढली तर हॉस्पिटल गाठावं लागेल, असं एवढं लांब ते म्हणाले.

ओलीटाबाईंनी मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला आणि तिथला मार्शलीज दुभाष्या गाठला. त्याचं नाव जेल्टन रिकलॉन. ओळख ना पाळख, त्यांनी त्याला सरळ विचारलं की तुमची माणसं आमच्याकडून का पळतात. पेशंटचं नाव मात्र घेतलं नाही. तो नियम त्यांना पाठ होता. जेल्टन हसला. म्हणाला की शनिवारी माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस आहे, हॉल घेतलाय, सगळे येणार आहेत, तिथेच विचारा.

'सगळे म्हणजे कोण?' बाईंनी विचारलं.

'सगळे,' जेल्टन म्हणाला.

खरंच सगळे होते. मार्शलीज घरात मूल एक वर्षाचं झालं की नात्यातला कुणी घरी राहत नाही, आणि नात्याबाहेर कुणी नसतंच. भाताची पातेली, भाजलेल्या कोंबड्या, मासे, हॅम, आणि मधोमध कागदी फुलांच्या कमानीखाली सिंहासनावर बसलेली ती वर्षाची महाराणी. ओलीटाबाईंनी मला बरोबर नेलं होतं आणि मोहरी घातलेल्या बटाट्याच्या सॅलडचं घमेलं नेलं होतं. पाहुणी म्हणून गप्प बसणं त्यांना जमत नाही. पाचव्या मिनिटाला त्या टेबलामागे उभ्या राहून वाढायला लागल्या.

पहिल्या बाईंना त्यांनी विचारलं, सॅलड वाढू? त्या बाईंनी ओलीटाबाईंकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. ओलीटाबाईंचा चमचा हवेत थांबला आणि परत घमेल्यात गेला. दुसऱ्या काकांनीही भुवया उंचावल्या. तिसऱ्या आजीबाईंनी तर इतक्या उंचावल्या की बाईंचा चेहरा पडला. त्यांच्या सॅलडकडे आजवर कुणी असं बघितलं नव्हतं. बॅप्टिस्ट चर्चच्या जेवणांत त्या घमेल्यासाठी धक्काबुक्की होते. त्या ओठ दाबून माझ्याकडे वळल्या.

'पोरी, यात केस-बिस पडलाय का गं?'

मी बघितलं. केस नव्हता. पण समोर रांग मात्र साचत होती. सगळे हातात ताटल्या धरून, सोशिकपणे, भुवया वर करून उभे. कुणी पुढे सरकेना, कुणी सॅलड नको म्हणेना. शेवटी जेल्टन आला आणि त्याने रांगेकडे बघितलं, घमेल्याकडे बघितलं.

'मिस ओलीटा, वाढत का नाही तुम्ही?'

'नकोय कुणाला. बघ ना कसे बघतायत.'

'अहो, ते हो म्हणतायत,' जेल्टन म्हणाला. 'आमच्यात हो असंच म्हणतात.' आणि त्याने स्वतःच्या भुवया टुणकन वर करून दाखवल्या.

ओलीटाबाई गप्प झाल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गप्प पाहत होते, म्हणून मला आधी त्यांच्या तब्येतीची काळजी वाटली. मग त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते माझ्याही डोक्यात आलं. खुर्चीत तोंड उघडून बसलेली माणसं. दुखतंय का, असं विचारणारा फोन, ज्याला डोळे नाहीत. 'पेशंट काही बोलत नाहीत.' ते बिचारे भुवया उंचावून हो, हो, दुखतंय म्हणून सांगत होते आणि आम्ही पुढचं काम करत होतो. आणि आमचे डॉक्टर, ज्यांच्या भुवया कपाळावर मुक्कामालाच असतात, ते त्या लोकांना दिवसभर कशाकशाला हो म्हणत असतील ते देव जाणे.

'आणि तिनं बोट फिरवलं होतं,' ओलीटाबाई मला म्हणाल्या. 'या टोकापासून त्या टोकापर्यंत.'

त्यांनी चमचा माझ्या हातात कोंबला, रांगेतल्या सगळ्यांना भरभरून वाढ म्हणून सांगितलं, आणि हॉलभर नजर टाकली. हर्टिना कोपऱ्यात बसल्या होत्या. तोंडासमोर हातपंखा धरलेला, गाल परत फुगलेला. ताटली रिकामीच होती. ओलीटाबाईंनी जेल्टनला बाजूला घेऊन सांगितलं की त्या बाईंना विचार, माझ्याशी स्वयंपाकघरात बोलतील का, आणि तू दुभाष्या म्हणून चालशील का की दुसरं कुणी हवं. हर्टिनांनी भुवया उंचावल्या. या वेळी ओलीटाबाई हात धरून त्यांना घेऊनच गेल्या.

मीही घमेलं दुसऱ्याच्या हवाली करून मागोमाग गेले. हर्टिना अगदी हळू बोलत होत्या. त्यांच्या मावशीचे बेटावर एका दिवसात सगळे वरचे दात काढले होते, आणि मावशी त्यानंतर गायली नाही. म्हणून त्यांनी डॉक्टरांना दारातून विचारलं होतं की सगळे काढणार का. डॉक्टर हो म्हणाले. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पुन्हा काय विचारायचं? त्यांनी ठरवलं की आधी ख्रिसमस होऊ दे, गाणं होऊ दे, मग जाऊ. चर्चमध्येही कळलं होतं की तो डॉक्टर सगळे दात काढतो.

ओलीटाबाई म्हणाल्या की अगं बाई, त्याचा अर्थ आमच्यात 'काय म्हणालात?' असा होतो. तो ग्रेडी लहानपणापासून तसाच आहे. लग्नात पाद्रीने प्रश्न विचारला तेव्हाही त्याने भुवयाच उडवल्या, त्याची बायको अजून म्हणते की तू हो म्हणालाच नव्हतास.

जेल्टनने हे सगळं मार्शलीजमध्ये सांगितलं. हर्टिना हसल्या, पण गालाला कळ लागली म्हणून थांबल्या. मग सभ्यपणे म्हणाल्या की तुम्ही चांगल्या आहात, पण तुम्ही काउंटरवर बसता, आणि हो डॉक्टर म्हणालेत.

यावर उत्तर एकच होतं. ओलीटाबाईंनी फोन लावला. शनिवारची दुपार, नोव्हेंबर, युनिव्हर्सिटीचा फुटबॉल सामना ऐन रंगात. अशा वेळी आर्कन्सॉमध्ये कुणाचं घर जळत असलं तरी तो मध्यंतरापर्यंत थांबतो. बाई फोनमध्ये एवढंच म्हणाल्या की ग्रेडी, आहेस तसा ये.

डॉक्टर आले ते तसेच. लाल शर्ट, लाल पँट, आणि डोक्यावर युनिव्हर्सिटीच्या टीमचं चिन्ह असलेली प्लॅस्टिकची टोपी, अख्खं लाल रानडुक्कर, पुढे नाकाड आणि मागे शेपटी. सगळ्या हॉलने माना वळवल्या. महाराणी सिंहासनावरून टाळ्या वाजवायला लागली. डॉक्टर डुकरासकट स्वयंपाकघरात शिरले, आणि बाईंनी घडलेलं सांगितल्यावर त्यांच्या भुवया वर जाऊ लागल्या.

'खाली,' ओलीटाबाई म्हणाल्या.

त्या खाली आल्या आणि लगेच परत निघाल्या. बाईंनी विचार केला नाही. दोन्ही हातांनी डुकराची टोपी धरली आणि खसकन डॉक्टरांच्या डोळ्यांपर्यंत ओढली. 'आता बोल. तोंडाने बोल.'

डॉक्टर टोपीखालून अंदाजाने हर्टिनांच्या दिशेला वळले. 'एकच दात,' ते म्हणाले. 'आणि तोही काढणार नाही. वाचवणार. मी तुम्हाला बोलून सांगायला हवं होतं. माझं चुकलं.'

जेल्टनने शब्द न् शब्द सांगितला. हर्टिना उठल्या. मला वाटलं निघाल्या. पण त्यांनी स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं आणि जेल्टनला म्हणाल्या की हेच पुन्हा बोलायला सांग, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. दात त्यांचा, मर्जी त्यांची. ओलीटाबाईंनी मान डोलावली. डॉक्टरांनी आंधळ्यासारखं उभं राहून सगळ्या हॉलला तेच पुन्हा सांगितलं. मग हर्टिनांनी तिथूनच, सगळ्यांच्या देखत, शेवटचा प्रश्न विचारला. जेल्टन म्हणाला:

'त्या विचारतायत, मला ख्रिसमसला गाता येईल का?'

ओलीटाबाईंनी टोपी दोन्ही हातांनी मागे ढकलली. 'आता कर रे ग्रेडी, वर.'

आणि आमच्या डॉक्टरांच्या त्या जाड भुवया, घामाने ओल्या, केस विस्कटलेल्या, अशा काही उंच गेल्या की अख्ख्या हॉलमध्ये हशा पिकला, आणि त्या हशातच कुणीतरी युकुलेलीच्या तारा छेडल्या. हर्टिना हसत होत्या आणि गाल धरून रडतही होत्या.

सोमवारी सकाळी त्या पहिल्या होत्या. खुर्चीशेजारी जेल्टन उभा होता, फोन नव्हता. डॉक्टरांनी विचारलं की दुखतंय का. हर्टिनांच्या भुवया किंचित हलल्या. डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला, आणि आणखी एक सुई देऊन, पूर्ण बधिर झाल्यावरच पुढे चालू झाला. एवढीशी गोष्ट. पण मी बाजूला सक्शनची नळी धरून उभी होते, आणि आजवर त्याच खुर्चीत किती जणांनी असं सांगितलं असेल आणि आम्ही नळ्या धरून उभे असू, या विचाराने माझेच डोळे भरून आले. ओलीटाबाई दारात होत्या. त्या मला म्हणाल्या की पोरी, सगळ्यांवर सारखं ओरडणं म्हणजे सारखं वागणं नव्हे गं. एवढं बोलून त्या काउंटरवर जाऊन एका पेशंटवर ओरडल्या.

जेल्टन आता आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतो, रीतसर पगारावर, आणि पेशंट दाराबाहेर जाईपर्यंत हलत नाही. डॉक्टर कपाळावरून कापडी टोपी खाली ओढून चष्म्यात खोचतात. ते त्यांना शोभत नाही, पण बोलतात मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ. वेटिंग रूममध्ये इतके मार्शलीज लोक असतात की भक्तांना उभं राहावं लागतं, आणि ते हौसेने उभे राहतात. लोक म्हणतात, नियम नियम काय, कागदाचं काम. मी त्या लोकांना आमच्या ओलीटाबाई दाखवते. सरकारने पाटी दिली, फोन दिला. शनिवारी घमेलं घेऊन जाणारी बाई सरकारला छापता येत नाही. ती आम्हाला मिळाली, म्हणून मी देवाचे आभार मानते, आणि लेरॉय यांच्या कानांचेही.

ख्रिसमसला हर्टिनांच्या चर्चने आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. चमू गात गात, नाचत आत आला आणि सगळ्यांच्या पुढे हर्टिना, डोक्यावर फुलांचं कडं, सूर असा उंच की ओलीटाबाईंनी माझा हात करकचून धरला. त्यांचा रिवाज असा की गाणारे लोक बघणाऱ्यांवर गोळ्या-टॉफ्यांचा वर्षाव करतात. हर्टिना गाता गाताच आमच्यासमोर आल्या आणि त्यांनी ओंजळभर टॉफ्या थेट डॉक्टरांच्या छातीवर उधळल्या. दातांचे डॉक्टर साखरेखाली गाडले गेले. त्यांनी मांडीवरची एक टॉफी उचलली, तिच्याकडे बघितलं, सोलली आणि तोंडात टाकली. ओलीटाबाई रडत रडत खाली वाकून उरलेल्या गोळा करत होत्या. मला म्हणाल्या, 'राहू दे गं, लेरॉयला आवडतात.'